नोकरीचे स्थळ पाहताना

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात हिंगोली येथे केलेले भाषण)



आम्ही काही विद्वान वक्ते नव्हे. मॅट्रिक होऊन अध्यापनाचे प्रमाणपत्र मिळवावे, प्राथमिक शाळेत मुलांना बाराखडी व पाढे शिकवावेत आणि वय झाले की खुर्ची सोडावी, एवढाच आमचा जीवनक्रम. तथापि सेवानिवृत्तीनंतर एक काम आमच्याकडे न बोलावता चालत आले. शेजारची, नात्यातली, जुन्या विद्यार्थ्यांची मुले हातात मोबाइल घेऊन येऊ लागली आणि म्हणू लागली, "गुरुजी, एवढी जाहिरात वाचून सांगा. अर्ज भरू की नको?" गेली काही वर्षे हे वाचन करता करता जे ध्यानात आले, तेच आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

संगणकावरील व मोबाइलवरील नोकऱ्यांच्या फलकांचा उपयोग कसा करावा, हा आमचा विषय. विषय रुक्ष वाटेल. परंतु ज्या घरात पदवीधर मुलगा दोन वर्षे रिकामा बसला आहे, त्या घरात याहून जिव्हाळ्याचा विषय दुसरा नसतो. सांगावयाचे ते थोडक्यात सांगतो. नोकरीचा फलक आता प्रत्येकाच्या हातात आला आहे. पण फलक हातात आला म्हणजे नोकरी हातात आली असे नव्हे. जाहिरात पारखून घेणे आणि आपली पात्रता नीट मांडणे ही दोन कामे यंत्र करीत नाही. ती उमेदवाराने व त्याच्या घरच्यांनीच करावयाची आहेत.

प्रथम थोडे मागे वळून पाहू. आपल्या देशात सेवायोजन कार्यालये १९४५ साली निघाली, ती दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना काम मिळावे म्हणून. १९४८ मध्ये ती सर्वांना खुली झाली आणि १९५६ मध्ये त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. पुढे १९५९ च्या कायद्याने सरकारी कार्यालयांना व मोठ्या खाजगी आस्थापनांना आपल्या रिकाम्या जागा या कार्यालयास कळविणे बंधनकारक केले. मात्र कळविणे बंधनकारक होते. तेथलाच उमेदवार घेणे बंधनकारक नव्हते. हा भेद फार थोड्यांच्या ध्यानी असे. आमच्या तरुणपणी हिंगोली हा परभणी जिल्ह्याचा तालुका होता. मॅट्रिकचा निकाल लागला की परभणीस जावे, नाव नोंदवावे, कार्ड मिळवावे, ते मुदतीत नूतन करून घ्यावे आणि टपालाने बोलावणे येईल म्हणून वाट पाहावी, असा क्रम होता. ते कार्ड घरोघर ट्रंकेत जमिनीच्या कागदांसोबत जपून ठेवीत. वाट पाहणे हाच त्या काळी नोकरीचा शोध होता, असे म्हटले तरी चालेल. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात नोकऱ्यांचा प्रश्न अग्रभागी होता, यावरून त्या वाट पाहण्याची तीव्रता ध्यानी यावी.

१९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, केवळ सेवायोजन कार्यालयाकडून नावे मागवून भागणार नाही. जागांची जाहिरात वृत्तपत्रांतूनही प्रसिद्ध झाली पाहिजे आणि अर्ज करील त्या पात्र उमेदवाराचा विचार झाला पाहिजे. त्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे १९९७ मध्ये, संजीव बिखचंदानी यांनी ‘नोकरी डॉट कॉम’ हे संकेतस्थळ सुरू केले. १ मे १९९९ रोजी आपला हिंगोली जिल्हा स्वतंत्र झाला. अशा रीतीने दहा-वीस वर्षांत नोकरीची वार्ता टपालातून वृत्तपत्रात, वृत्तपत्रातून संगणकावर आणि संगणकावरून मोबाइलवर आली. पूर्वी बोलावणे घरी येत असे. आता आपणच ते शोधून काढावयाचे, हा खरा फरक होय.

हे फलक आज तीन प्रकारचे आहेत. पहिला प्रकार सरकारी. राज्य शासनाचे ‘महास्वयम्’ आणि केंद्र शासनाने २०१५ साली सुरू केलेले ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ ही दोन पोर्टले यात मोडतात. आपल्या जुन्या सेवायोजन कार्यालयाचे नाव आता जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असे झाले असून त्याची नोंदणी ‘महास्वयम्’वरच होते. या कार्यालयामार्फत भरणाऱ्या रोजगार मेळाव्यांची सूचनाही तेथे मिळते. दुसरा प्रकार खाजगी. नोकरी डॉट कॉम, इंडीड, लिंक्डइन, अपना इत्यादी. यांचा मुख्य पैसा माणसे शोधणाऱ्या कंपन्यांकडून येतो. नाव नोंदविण्यास व अर्ज करण्यास उमेदवारास काही द्यावे लागत नाही. तिसरा प्रकार म्हणजे त्या त्या संस्थेचे स्वतःचे संकेतस्थळ. लोकसेवा आयोग, रेल्वे, बँका, विद्यापीठे, मोठे कारखाने हे सर्व आपल्या जागा प्रथम आपल्याच संकेतस्थळावर लावतात.

या तिसऱ्या प्रकाराकडे आपल्या मुलांचे लक्ष सर्वांत कमी आहे, म्हणून एक जवळचेच उदाहरण देतो. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा होत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तेव्हापासून "औंढ्याला भरती निघाली का?" असे आम्हांस अनेकांनी विचारले. वेधशाळा आपल्या अंगणात खरी. पण ती उभारणाऱ्या संस्था म्हणजे पुण्याचे आयुका, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि मुंबईचा अणुऊर्जा विभाग. जी काही जाहिरात निघेल, ती या संस्थांच्या फलकावर निघेल. औंढ्याच्या बसस्थानकावर ती चिकटविलेली आढळणार नाही. काम गावाजवळ असले तरी त्याचा फलक शंभर कोसांवर असू शकतो, आणि तो फलक घरबसल्या वाचता येतो, हे या युगाचे वैशिष्ट्य आहे. दर सोमवारी सकाळी अशा पाच-सहा संस्थांची पाने उघडून पाहण्याचा नेम ज्याने केला, त्याला बातमी पसरण्याची वाट पाहावी लागत नाही.

आता गर्दीचा विचार करू. फलक सर्वांच्या हातात आला, म्हणजेच तो आपल्या एकट्याच्या हातात राहिला नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत ४६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार. त्या एका अर्जाचे शुल्क खुल्या वर्गास १००० रुपये व राखीव वर्गास ९०० रुपये होते. ज्या घरात तीन भावंडे अर्ज भरतात, त्या घरास हा खर्च सोयाबीनच्या पेरणीच्या दिवसांत किती जाणवतो, हे आम्ही सांगावयास नको. खाजगी जागांवर शुल्क नाही, परंतु तेथे तर बोटाच्या एका स्पर्शाने अर्ज जातो. त्यामुळे दिवसाकाठी पन्नास-पन्नास अर्ज टाकणारी मुले आम्ही पाहतो. विचारावे, "काल कोठे कोठे अर्ज केलास?" तर सांगता येत नाही. ज्या अर्जाची आठवण अर्जदारास राहत नाही, त्याची आठवण मालकाने का ठेवावी?

पलीकडे बसलेला माणूस काय करतो, हे जाणून घेतले म्हणजे पुष्कळ गोष्टी उलगडतात. कंपनीचा भरती करणारा अधिकारी हजारो अर्ज एकेक करून वाचीत नाही. तो चाळण लावतो. शिक्षण अमुक, ठिकाण अमुक, अनुभव इतका, अमुक कौशल्य, असे शब्द तो यंत्रास देतो आणि ज्यांच्या माहितीत ते शब्द आहेत तेवढीच नावे त्याच्यापुढे येतात. त्यातही ज्यांनी आपली माहिती अलीकडे ताजी केली, अशी नावे तो निवडून पाहू शकतो. गव्हाच्या चाळणीतून जसा बारीक दाणा खाली जातो, तसा अपुरा अर्ज न वाचताच खाली जातो. "मला डावलले" असे मुलगा म्हणतो. वस्तुतः त्याला कोणी पाहिलेलेच नसते.

यास्तव जाहिरात पारखणे आणि पात्रता मांडणे, ही दोन कामे क्रमाने पाहू.

जाहिरात पारखण्याची विद्या आपल्या घरांत नवी नाही. मुलीसाठी स्थळ आले म्हणजे आपण काय करतो? मुलगा काय करतो, शेती किती व पाण्याखाली किती, घरात माणसे कोण, पूर्वी कोणाशी सोयरीक झाली, याची चौकशी करतो. त्या गावचा दूधवाला, मास्तर, एस.टी.चा वाहक, कोणालाही विचारावयास कमी करीत नाही. आणि हेच आपण, मुलाला परगावी नोकरीस धाडताना मात्र एका चकचकीत चित्रावर विश्वास ठेवतो! नोकरीचेही स्थळच पाहावयाचे असते. चौकशीचे प्रश्न आम्ही येथे मांडतो.

नोकरी देणारा कोण? कंपनी स्वतः, की मध्ये कंत्राटदार? कंपनीचे नाव, पत्ता व संकेतस्थळ आहे काय, आणि तीच जागा त्या संकेतस्थळावरही दिसते काय? काम नेमके कोणते? ‘फिल्ड एक्झिक्युटिव्ह’ हे नाव भारदस्त आहे, पण काम पुष्कळदा दारोदार जाऊन वस्तू किंवा कर्ज विकण्याचे असते. ते करणे कमीपणाचे नाही, पण आधी ठाऊक असावे. पगार ठरलेला की विक्रीवर कमिशन? छापलेला आकडा हातात पडणारा की ज्यास ‘सीटीसी’ म्हणतात तो? सीटीसीत कंपनीने भरावयाचा भविष्यनिर्वाह निधीही धरलेला असतो. शिवाय आपल्या मूळ वेतनातून त्याच निधीसाठी बारा टक्के कापले जातात. म्हणून महिना १८,००० वाचून चाकणला किंवा वाळूजला गेलेल्या मुलाच्या हातात पहिल्या महिन्यास कमी रक्कम पडते आणि खोलीभाडे, खाणावळ व प्रवास वजा जाता घरी धाडावयास काही उरत नाही. हे गणित घर सोडण्यापूर्वी पाटीवर मांडावे. शेवटी, मुदत किती? कायम, हंगामी की केवळ प्रशिक्षण? २०२४ साली राज्य शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. तीत बारावी उत्तीर्णांस ६०००, आयटीआय व पदविकाधारकांस ८००० आणि पदवीधरांस १०,००० रुपये दरमहा विद्यावेतन ठरविले होते. योजनेच्या नावातच ‘प्रशिक्षण’ हा शब्द होता. तरी पुष्कळांनी ती कायम नोकरी समजून घेतली आणि मुदत संपल्यावर दुःख केले. दुःख खरे होते. पण शब्द आधी वाचावयाचा असतो.

आता पात्रता मांडण्याकडे येऊ. आपल्या समाजात ‘बायोडेटा’ हा शब्द विवाहाच्या निमित्ताने रूढ झाला. त्यामुळे नोकरीच्या बायोडेट्यावरही गणपतीचे चित्र, रास, उंची, वर्ण व मामाचे कूळ लिहून आणलेले कागद आम्ही पाहिले आहेत. गणरायास आमचा नमस्कार असो. परंतु मालकास रास नको, काम हवे आहे. कागद एक पानाचा असावा, अक्षर साधे असावे, चौकटी व वेलबुट्ट्या नसाव्यात. कारण तो प्रथम यंत्र वाचते आणि वेलबुट्टीत ते अडखळते. वर नाव, मोबाइल क्रमांक, ई-मेल आणि गाव. नंतर शिक्षण, वर्षासह. नंतर येणारी कामे स्पष्ट शब्दांत: ‘संगणकाचे ज्ञान’ असे मोघम लिहू नये, टॅलीमध्ये नोंदी करता येतात, मराठी टंकलेखन मिनिटास तीस शब्द, एमएस-सीआयटी उत्तीर्ण, आयटीआय वीजतंत्री, दुचाकी व हलक्या वाहनाचा परवाना, असे लिहावे. जाहिरातीत ज्या कामास जो शब्द वापरला असेल, तोच शब्द, काम खरोखर येत असेल तर, आपल्या कागदात असावा. चाळणीतून वर राहण्याचा हा सरळ मार्ग आहे.

घरच्या शेतीचे, दुकानाचे काम मुले लिहीत नाहीत. त्यांना संकोच वाटतो. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या वसमतच्या परिसरात वडिलांच्या बरोबर राहून हळदीची शिजवण, पॉलिश, प्रतवारी व बाजारातील सौदे ज्याने पाहिले आहेत, त्याने मसाल्याच्या कारखान्यात किंवा धान्य-मालाच्या कंपनीत अर्ज करताना ते जरूर लिहावे. ते ज्ञान शहरातील पदवीधरापाशी नसते. मात्र जे केले नाही ते लिहू नये. खोटा अनुभव हल्ली लपत नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीत कोण कोठे किती दिवस होता, हे स्पष्ट दिसते.

सरकारी अर्जांत कागदपत्रांचे महत्त्व विशेष. मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर जसे नाव आहे तसेच आधार व इतर कागदांवर असावे. एका अक्षराचा फरक पुढे पडताळणीत महिने खातो. जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता, अधिवास, आणि लागू असल्यास उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र ही जाहिरात निघण्यापूर्वीच तयार असावीत, व त्यांच्या मुदती पाहून ठेवाव्यात. अंतिम दिवशी अर्ज भरू नये. त्या दिवशी सारा महाराष्ट्र एकाच दारातून आत शिरू पाहतो आणि दार अडकते.

एक वही घालावी. ही आमच्या मास्तरकीची सवय म्हणून हसू नये. दिनांक, संस्था, जागेचे नाव, कोठल्या फलकावर पाहिली, अर्ज क्रमांक, पुढे काय झाले, अशी सहा घरे आखावीत. दहा दिवसांनी त्या अर्जाची स्थिती पाहावी. वीस अर्जांनंतर वही उघडली म्हणजे कोठल्या प्रकारच्या जागेकडून बोलावणे येते व कोठून कधीच येत नाही, हे आपोआप दिसते, आणि पुढचे अर्ज त्या अनुभवाने सुधारतात. पन्नास विसरलेल्या अर्जांपेक्षा आठवणीतले दहा अर्ज अधिक फळतात, असा आमचा अनुभव आहे.

ई-मेल, पासवर्ड व मोबाइल क्रमांक स्वतःचाच असावा. अर्ज भरून देणाऱ्या केंद्रावर गर्दीच्या वेळी केंद्रचालक आपलाच ई-मेल टाकून मोकळा होतो. पुढे परीक्षेचे बोलावणे त्याच्या पेटीत येऊन पडते आणि उमेदवार घरी वाट पाहतो. आंधळ्याने दळावे आणि पीठ भलतीकडेच जावे, अशी गत होते. केंद्राची मदत जरूर घ्यावी, त्याची मजुरीही द्यावी. पण किल्ली आपल्या कमरेला असावी.

येथे आमच्या भगिनींना व विशेषतः मुलींच्या वडिलांना एक गोष्ट कळकळीने सांगावयाची आहे. आमच्या परिचयाच्या एका घरातील मुलीने प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पदविका घेतली. मुलगी हुशार, अर्ज नेटका. नांदेडच्या एका रुग्णालयातून दूरध्वनी आला, तो सकाळी अकरा वाजता. अर्जावर क्रमांक वडिलांचा आणि वडील मोबाइलसह शेतात, जेथे आवाज नीट पोहोचत नाही. दोनदा घंटा वाजली, तिसऱ्यांदा वाजली नाही. संध्याकाळी उलट दूरध्वनी केला तेव्हा जागा भरली होती. त्या मुलीस कोणी नापास केले नाही. तिच्यापर्यंत प्रश्नच पोहोचला नाही. आज ती पुन्हा अर्ज करीत आहे, आणि या वेळी क्रमांक तिचा स्वतःचा आहे. मुलीच्या हाती मोबाइल देण्याची अनेक घरांना धास्ती वाटते. ती धास्ती आम्ही समजू शकतो. परंतु तीन वर्षे शिक्षणावर खर्च करावयाचा आणि त्या शिक्षणाचे बोलावणे घेणारे साधन मात्र नाकारावयाचे, यात कोणता हिशेब आहे? सावधगिरी घ्यावी. फलकावर घराचा पूर्ण पत्ता, आधार क्रमांक, बँकेची माहिती लिहू नये. मुलाखत कार्यालयातच, दिवसा, घरच्यांपैकी कोणास सांगून द्यावी. पण दार बंद करू नये.

आता फसवणुकीविषयी. नोकरी देण्यासाठी जो पैसे मागतो, तो नोकरी देणारा नव्हे. नोंदणी, गणवेश, लॅपटॉपची अनामत, प्रशिक्षण, नेमणूकपत्राची फी, नावे निरनिराळी असली तरी खिसा एकच, आपला. सरकारी परीक्षेचे शुल्क हा अपवाद. परंतु तेही त्या विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरून जावे. कोणी धाडलेल्या दुव्यावरून नव्हे, तर स्वतः विभागाच्या संकेतस्थळावर जाऊन तेथून अर्जाच्या पानात शिरावे. ओटीपी कोणासही सांगू नये. घरबसल्या चित्रफिती पाहा व पैसे मिळवा, असा संदेश आला तर समजावे की आरंभी शे-दोनशे देऊन पुढे हजारो नेण्याचा तो डाव आहे. फसगत झालीच तर लाजून घरात बसू नये; १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम दूर जाते.

परदेशाच्या नोकरीविषयी तर अधिकच जपावे. दुरून डोंगर साजरे. थायलंडमध्ये संगणकाची नोकरी, भरघोस पगार, अशा जाहिरातींना भुलून गेलेल्या तरुणांना म्यानमारच्या सीमेवरील वसाहतींत डांबून ठेवण्यात आले आणि त्यांच्याकडून इतरांची फसवणूक करविण्यात आली. मार्च २०२५ मध्ये अशा पाचशेहून अधिक भारतीयांना आपल्या सरकारने विमानांनी परत आणले. त्यांत महाराष्ट्राचेही तरुण होते. परदेशी धाडणारा दलाल नोंदणीकृत आहे की नाही, हे केंद्र शासनाच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर पाहता येते. ते पाहिल्याशिवाय पारपत्र कोणाच्या हाती देऊ नये. पर्यटनाच्या व्हिसावर नोकरीस चला, असे जो म्हणेल त्यास चहा पाजून वाटेस लावावे.

एवढे सांगितल्यावर फलकाची मर्यादाही सांगणे आमचे कर्तव्य आहे. सर्व कामे फलकावर येत नाहीत. मोंढ्यातील अडतदुकान, औषधाचे दुकान, लहान रुग्णालय, कंत्राटदार, गॅरेज हे आजही ओळखीच्या तोंडी निरोपावर माणूस घेतात. म्हणून सकाळचा एक तास मोबाइलवरील फलकास द्यावा, आणि उरलेल्या दिवसात काही शिकावे, कोणास भेटावे, मिळेल ते काम करावे. दिवसभर फलकाकडे पाहत राहणे म्हणजे नोकरी शोधणे नव्हे. तेही जुन्या काळासारखे वाट पाहणेच होय, फक्त बोट हलते एवढेच.

शेवटी मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, दर रविवारी सकाळी दोन तास मंडळाच्या जागेत एक संगणक व नोकरीत स्थिर झालेले दोन तरुण उपलब्ध असावेत. त्यांनी मुलांचे कागद वाचून द्यावेत, जाहिराती तपासून द्याव्यात. दुसरी, पुणे, मुंबई, संभाजीनगर येथे असलेल्या आपल्या बंधूंनी आपापल्या कार्यालयातील जागांची अधिकृत जाहिरात मंडळास कळवावी. चिठ्ठी नको, शिफारस नको. वार्ता तेवढी वेळेवर द्यावी. ज्ञातीच्या नावावर जागा मागणे आपल्या मुलांना शोभणार नाही आणि ज्याची जागा जाईल त्यावर तो अन्याय होईल. तिसरी, या कामाचे दार इतर समाजांच्या मुलांनाही उघडे असावे. रिकामपणाला जात नसते, तशी ती मदतीलाही नसावी. आणि या कामात कोणीही, कोणत्याही नावाने, एक पैसा घेऊ नये.

पालकांना एवढीच विनंती की, मुलगा मोबाइल घेऊन बसला म्हणजे "काय पाहतोस?" असे दरडावून विचारण्याऐवजी जवळ बसून "कोणते स्थळ आहे, वाच पाहू" असे म्हणावे. आपणांस संगणक कळत नसेल. माणसे कळतात, व्यवहार कळतो. मुलांना यंत्र कळते, जग अजून कळावयाचे आहे. ही दोन ज्ञाने एका बाजेवर शेजारी बसली, तर आपल्या घरांतील पुष्कळ पैसा, पुष्कळ वर्षे आणि पुष्कळ अश्रू वाचतील, अशी आमची खात्री आहे.